मुंबईत चार दिवस, सोबत पंधरा वर्षांची मुलगी. राहायला दादर बरं की फोर्ट?

खोली लहान मिळाली तरी चालेल, पण फोर्ट-चर्चगेट भागातच राहा. म्युझियम आणि जहांगीर आर्ट गॅलरी शेजारी-शेजारी, गेटवे तिथून दहाएक मिनिटं चालत, कुलाबा कॉजवेही जवळच. तिला कॉजवेवर कानातली बघत तासभर रेंगाळायचं असलं, तर एकाने सोबत थांबावं, दुसऱ्याने खुशाल खोलीवर जाऊन पाठ टेकावी. आमचा भाचा दादरच्या लॉजवर दुपारभर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला होता! दादरला जेवण झकास, मध्य-पश्चिम दोन्ही लोकल, हे खरंच. पण आता मेट्रो ३ विमानतळापासून थेट हुतात्मा चौकापर्यंत येते. बुकिंगच्या वेळी मात्र फोन करून विचारा, ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे पलंग की जमिनीवरची गादी? बहुतेकदा गादीच असते.