तीन महिन्यांची साखर चांगली, मग तापात २७० कशी?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत, बारा वर्षं झाली शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात एचबीएवनसी केली ती ७.२ आली म्हणून आम्ही निश्चिंत होतो. आता फ्लूचा ताप आलाय आणि उपाशीपोटी शुगर २७० निघाली, जेवण तर निम्म्यावर आलंय! लॅबचं काही चुकलं का? आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात सध्या हीच शुगर बघायची, ते काही कळलं नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, लॅबचं काही चुकलेलं नाही, दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर, आणि त्या पेशी जगतात साधारण १२० दिवस, म्हणून ती गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब देते, कालच्या तापाचा तिला पत्ताच नसतो. ७.२ म्हणजे सरासरी १६० च्या आसपास साखर. आणि आज २७०, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ पावणेदोनपट. ही उडी महत्त्वाची आहे.

खाणं कमी होऊनही साखर वाढते कारण ताप आला की शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन ही ताणाची हार्मोन्स सोडतं, त्याने लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जास्त साखरेत मंदावतात, मग इन्फेक्शन बळावतं आणि त्याने साखर अजून वाढते. कोविडच्या काळात हे चक्र आम्ही वॉर्डात रोज पाहिलंय, आणि २०२१ मधे आपल्याकडे म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) जे पेशंट आले त्यातल्या कितीतरी जणांना शुगर अनकंट्रोल आणि वरून स्टिरॉइड असंच होतं, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

त्याच काळात यावर अभ्यासही झाले. फ्रान्समधे २०२० ला कोरोनाडो नावाच्या अभ्यासात अ‍ॅडमिट झालेले १३१७ मधुमेही पेशंट बघितले, तर सात दिवसांत कोण व्हेंटिलेटरवर जाईल किंवा दगावेल याचा एचबीएवनसीशी संबंध दिसला नाही, वजनाशी मात्र दिसला. वुहानच्या पेशंटमधे आधी शुगर नसलेल्यांचीसुद्धा अ‍ॅडमिट होताना उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर असेल तर २८ दिवसांतले मृत्यू जास्त होते. म्हणून तुमचे डॉक्टर आजच्या साखरेकडे बघतायत, आणि ते बरोबरच आहे.

पण म्हणून एचबीएवनसी बिनकामाची असं कृपा करून समजू नका हं. इंग्लंडमधे सगळ्या मधुमेहींची नोंद तपासली तेव्हा ती जास्त असलेल्यांमधे कोविडचे मृत्यू जास्तच निघाले. शिवाय दोन्ही आकडे हातात असले तरच उडी किती मोठी हे कळतं, १६० वरून २७० आणि २६० वरून २७० यात खूप फरक आहे. अजून एक, आपल्याकडे बायकांमधे रक्त कमी असणं कॉमन आहे आणि लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते, तेव्हा हिमोग्लोबिन पण बघून घ्या.

आता घरी काय करायचं. ताप आहे तोवर दर चार-सहा तासांनी ग्लुकोमीटरवर बघा आणि लिहून ठेवा, पाणी भरपूर द्या (हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते विचारून). जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, कुणाचंच. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मात्र उलट्या होत असतील किंवा पोटात काहीच जात नसेल तर थांबवायच्या का ते त्याच दिवशी फोन करून विचारा. साखर सारखी ३०० च्या वर, धाप, गुंगी, उलट्या किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: सर्दी-खोकल्यात गुळाचा काढा शुगरवाल्यांना चालतो ना? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: नाही दादा, गूळ ही साखरच. आलं, तुळस, मिरी घाला, गूळ वगळा. आणि खोकल्याचं औषध घेताना मेडिकलवाल्याला शुगर-फ्री आहे का विचारा, साध्या बाटलीत साखरेचा पाक असतो.