वाचकांचे प्रश्न : गोगलगायीचे कुल कशावरून ठरते?

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात हवेत श्वास घेणाऱ्या गोगलगायींचा ‘पल्मोनाटा’ हा उपवर्ग आणि त्याचे दोन मुख्य गण दिले आहेत. नव्या याद्यांमध्ये पल्मोनाटा कुठेच दिसत नाही. नेमके काय बदलले?

उत्तर : पल्मोनाटा म्हणजे फुप्फुसवाल्या. हे नाव १८१४ पासूनचे, क्यूव्हिए यांच्या नावावर नोंदलेले. या गोगलगायींमध्ये कल्ले उरत नाहीत. प्रावाराखालच्या (शंख घडवणाऱ्या कातडी आवरणाखालच्या) पोकळीच्या छतावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते आणि पोकळीचे तोंड आकसून एकच उघडमीट करणारे छिद्र राहते. उजव्या वळणाचा शंख असेल तर ते अंगाच्या उजव्या बाजूला दिसते. जुन्या अभ्यासकांनी पुढची विभागणी डोळ्यांवरून केली. शिंगांच्या टोकाला डोळे असतील तर स्टायलोमॅटोफोरा, बुडाशी असतील तर बॅसोमॅटोफोरा. पहिल्या बहुतेक जमिनीवरच्या, दुसऱ्या बहुतेक पाण्यातल्या. ओळखायला ही खूण आजही उत्तम आहे.

अडचण दुसऱ्या गणात होती. डोळे बुडाशी असणे ही मुळातली जुनी ठेवण आहे, आणि जुनी ठेवण टिकून राहिली म्हणून दोन प्राणी जवळचे नातेवाईक ठरत नाहीत. बॅसोमॅटोफोरात ठेवलेल्या एलोबिइडी कुलातल्या खाऱ्या दलदलीच्या गोगलगायी डबक्यातल्या लिम्निइडीपेक्षा जमिनीवरच्या गोगलगायींना जवळच्या निघाल्या. हास्प्रुनार आणि ह्यूबर यांनी १९९० मध्ये ‘यूपल्मोनाटा’ हा गट मांडला, त्यात त्या जमिनीवरच्यांसोबत आल्या. पुढे जनुकांच्या तुलनेतून आणखी मोठा धक्का बसला. वनस्पतींच्या पेशीतला रस शोषणाऱ्या सागरी सॅकोग्लोसा आणि दुसऱ्या प्राण्यांवर परजीवी म्हणून जगणाऱ्या चिमुकल्या पिरॅमिडेलिडी याही याच वंशशाखेत बसतात असे दिसले. म्हणजे पल्मोनाटा जुन्या अर्थाने ठेवायचा, तर एकाच पूर्वजाची काही लेकरे आत आणि काही बाहेर अशी स्थिती होते. २०१० मध्ये या सगळ्यांना सामावणारे ‘पॅनपल्मोनाटा’ हे नाव पुढे आले. २०१७ च्या बूशे आणि सहकाऱ्यांच्या मांडणीत यूपल्मोनाटाखाली तीन गण आहेत : एलोबिइडा, सिस्टेलोमॅटोफोरा आणि स्टायलोमॅटोफोरा. जमिनीवरच्या नेहमीच्या गोगलगायी जवळजवळ सगळ्या या तिसऱ्या गणात येतात. तो गण एकाच पूर्वजाचा आहे, हे जुने मत टिकून राहिले.

त्याच्या आतली विभागणी मात्र पार बदलली. अमेरिकी शंखशास्त्रज्ञ पिल्सब्री यांनी १९०० मध्ये ती मूत्रपिंडावरून केली होती. मूत्रवाहिनी मूत्रपिंडातून सरळ पुढे गेली तर ऑर्थुरेथ्रा, मागे वळून पुन्हा पुढे आली तर सिगमुरेथ्रा. शंख न बघता आतले अवयव बघण्याचा तो आग्रह आम्हाला आजही मोलाचा वाटतो. पण जनुकांच्या कसोटीवर सिगमुरेथ्रा हा एकसंध गट टिकला नाही. आता गणाची पहिली फूट ॲकॅटिनिना आणि हेलिसिना या उपगणांवर पडते. स्कोलोडोंटिना हा तिसरा छोटा उपगण आहे.

एक सूचना : मराठी परिभाषेत ‘जाती’ हे सर्वांत खालचे एकक आणि ‘प्रजाती’ तिच्या वरचे. हिंदी मजकुरात ‘प्रजाति’ शब्द खालच्या एककासाठी येतो, त्यामुळे टिपणे काढताना घोटाळा होतो.

प्रश्न : जमिनीवर सापडलेल्या एका गोगलगायीला शंखाच्या तोंडावर पक्के झाकण आहे आणि शिंगांची एकच जोडी. ती फुप्फुसवाली म्हणायची का?

उत्तर : नाही. ती हवेतच श्वास घेते, पण वेगळ्या घराण्यातली आहे. पाय आत ओढल्यावर आपोआप तोंडावर बसणारे झाकण पायाच्या मागच्या भागाला चिकटलेले असते. स्टायलोमॅटोफोरात असे झाकण नसते. त्यांच्या तोंडावर कोरड्या दिवसांत दिसणारा पडदा वाळलेल्या चिकट स्रावाचा असतो, कधी त्यात चुना मिसळलेला असतो. नखाने काढला तर तो पापुद्र्यासारखा निघतो आणि गोगलगाय नवा तयार करते. नवशिके या दोहोंत हमखास फसतात.

झाकणवाल्यांत सायक्लोफोरिडी आणि पोमॅटिइडी ही कुले एका मोठ्या शाखेतली, तर हेलिसिनिडी हे कुल नेरिट या मुख्यतः समुद्रकाठच्या गोगलगायींच्या शाखेतले. म्हणजे समुद्रातून जमिनीकडे येण्याची वाट उदरपाद प्राण्यांनी (गोगलगायींच्या वर्गाने) स्वतंत्रपणे अनेकदा चोखाळली. या तीनही कुलांत नर आणि मादी वेगळे असतात, तर स्टायलोमॅटोफोरा उभयलिंगी. झाकण घट्ट लावले की हवा कुठून येणार, हा प्रश्न काही सायक्लोफोरिडींनी फार सुंदर सोडवला आहे : शंखाच्या तोंडाजवळ एक बारीक नळी किंवा खाच असते. अशी नळी दिसली तर आधी सायक्लोफोरिडींचा विचार करावा, पण तेवढ्यावरून कुल ठरवू नये.

प्रश्न : शंख नसलेल्या गोगलगायींचा स्वतंत्र गण आहे का?

उत्तर : नाही. शंख लहान होत जाऊन नाहीसा होणे वेगवेगळ्या कुलांत स्वतंत्रपणे घडले आहे. ‘विनाशंखी’ हे शरीराच्या ठेवणीचे नाव समजावे. त्यातल्या कुलांच्या खुणा मात्र बाहेरूनही बऱ्याच कळतात. श्वासाचे छिद्र प्रावाराच्या पुढच्या अर्ध्यात असेल तर एरिऑनिडीचा विचार करावा, मध्याच्या मागे असेल तर लिमॅसिडी, ॲग्रिओलिमॅसिडी किंवा मिलॅसिडीचा. पाठीवरची धार प्रावारापासून शेपटीपर्यंत सलग असेल तर मिलॅसिडी. धार फक्त शेपटीकडे असेल तर प्रावारावरच्या बारीक वळ्या भिंगातून पाहाव्यात : त्यांचे केंद्र मध्यरेषेवर असेल तर लिमॅसिडी, उजवीकडे छिद्राजवळ सरकलेले असेल तर ॲग्रिओलिमॅसिडी.

प्रावाराने सगळी पाठच चामड्यासारखी झाकली आहे, श्वासाचे छिद्र बाजूला दिसत नाही आणि खालची शिंगे टोकाशी दुभंगलेली आहेत, असा प्राणी व्हेरोनिसेलिडी कुलातला. तो सिस्टेलोमॅटोफोरा गणात जातो. त्याचे गुदद्वार मागच्या टोकाला असते आणि शिंगे आकसतात, पण मोज्याच्या बोटासारखी उलटी होऊन आत जात नाहीत.

प्रश्न : केवळ शंखावरून जात ओळखता येईल का? मापे कशी घ्यावीत?

उत्तर : कुलापर्यंत बऱ्याचदा पोचता येते, जातीपर्यंत क्वचित. शंखाचा आकार राहणीमानाप्रमाणे बदलतो, त्यामुळे दूरच्या कुलांतही सारखे शंख दिसतात. तरीही मापे नीट घेतली तर शंख पुष्कळ सांगतो.

शंखाचा अक्ष उभा आणि तोंड आपल्याकडे, अशी मांडणी करा. शिखरापासून ओठाच्या (शंखाच्या तोंडाच्या कडेच्या) सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत, अक्षाला समांतर अंतर ही उंची. अक्षाला काटकोनात सर्वाधिक अंतर ही रुंदी. शंख थोडा जरी कलला तरी दोहोंचे गुणोत्तर बिघडते, म्हणून तो वाळूत किंवा मऊ मेणात रोवावा. व्हर्नियर कॅलिपरने ०.१ मिलिमीटरपर्यंत माप घ्या. ५ मिलिमीटरपेक्षा लहान शंख सूक्ष्मदर्शकाच्या मापपट्टीवरच मोजा, कारण कॅलिपरच्या दाबाने ते फुटतात. वेढे मोजताना शिखरावरचा पहिला अर्धवर्तुळाकार भाग एका सरळ रेषेने वेगळा करा, त्या रेषेपासून मोजणी सुरू करा आणि पाव वेढ्यापर्यंत नोंदवा. ही सुरुवातीची रेषा प्रत्येकाने आपापल्या मनाने धरली की दोघांच्या आकड्यांत अर्ध्या वेढ्याचा फरक सहज पडतो.

सर्वाधिक चुका पिल्लांमुळे होतात. अनेक कुलांत ओठ जाड होऊन बाहेर वळतो तो वाढ थांबल्यावरच. ‘कॉर्नू ॲस्पर्सम’ या बागेतल्या तपकिरी गोगलगायीच्या पिल्लात शंखाखालची नाभी (अक्षाजवळचा खळगा) उघडी असते आणि प्रौढात ओठ तिला झाकून टाकतो. दोन्ही शंख शेजारी ठेवले तर दोन जाती वाटाव्यात. वळणाची दिशाही जरूर लिहा, कारण क्लॉसिलिइडी कुलातले बहुतेक शंख डावे असतात.

प्रश्न : आतले अवयव आणि डीएनए दोन्हींसाठी एकच नमुना कसा जतन करावा?

उत्तर : आधी हे बघा, की मोकळा शंख पुरेसा आहे का. जिवंत प्राणी गरजेपुरतेच आणि परवानगीने घ्यावेत. हातमोजे वापरा, कारण काही गोगलगायींत मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा उंदराचा फुप्फुसकृमी असतो.

पाणी उकळून झाकण लावून थंड करा. उकळल्याने त्यातला विरघळलेला वायू निघून जातो. बरणी काठोकाठ भरा, गोगलगाय सोडा, बुडबुडा राहू न देता झाकण लावा. १२ ते २४ तासांत ती अंग बाहेर काढून मरते. शिंगाला सुईने स्पर्श केल्यावर ते हलले नाही म्हणजे झाले. लगेच पायाच्या कडेचा २-३ मिलिमीटरचा तुकडा कापून ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये डीएनएसाठी ठेवा. उरलेला प्राणी ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये, त्याच्या आकारमानाच्या दसपट द्रवात. वरच्या वेढ्याला लहान भोक पाडा, नाहीतर द्रव आत पोचत नाही आणि नेमकी जननग्रंथी कुजते. २४ तासांनी द्रव बदला.

जिवंत प्राणी थेट तीव्र इथेनॉलमध्ये टाकू नका. तो आकसून शंखात खोल जातो, फेस येतो आणि जातीची ओळख ज्यावर ठरते ते जननअवयव उलगडता येत नाहीत. फॉर्मॅलिनही नको, ते आम्लीय होऊन शंख खाते आणि डीएनए बिघडवते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बरणीच्या आतच ठेवा, बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.

डीएनए काढताना चिकट स्रावातल्या शर्करा आडव्या येतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती करण्याची प्रक्रिया, फसतो. या शर्करा वेगळ्या काढणारी सीटॅब रसायनाची पद्धत वापरा, किंवा काढलेले द्रावण दहापट पातळ करून पुन्हा करून पाहा. सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा तुलनेसाठी नेहमी वापरतात. मात्र गोगलगायींच्या एकाच जातीतही या तुकड्यात बराच फरक आढळतो. त्यामुळे ठरावीक टक्केवारी ओलांडली की नवी जात, असे धरू नका. जननअवयव उघडून खात्री करा.

प्रश्न : त्या ‘कॉर्नू ॲस्पर्सम’च्या नावापुढे मुलर आणि १७७४ कंसात का असते?

उत्तर : मुलर यांनी १७७४ मध्ये तिला ‘हेलिक्स ॲस्पर्सा’ म्हटले होते. मूळ प्रजाती बदलली की लेखकाचे नाव कंसात जाते. ‘कॉर्नू’ नपुंसकलिंगी असल्याने ॲस्पर्साचे ॲस्पर्सम झाले. ‘कँटेरियस’ आणि ‘क्रिप्टोम्फॅलस’ या नावांखालीही ती सापडते. शोधताना चारही नावे बघा, नाहीतर जुना मजकूर हातून निसटेल.

प्रश्न : लाकडी कपाटात ठेवलेल्या शंखांवर पांढरी भुकटी येते. बुरशी आहे का?

उत्तर : बुरशी नव्हे, ते क्षार आहेत. ओक आणि इतर काही लाकडांतून, तसेच पुठ्ठा व गोंदातून आम्लाची वाफ निघते. ती दमट हवेत शंखाच्या चुन्याशी संयोग पावते आणि कॅल्शियमचे क्षार पृष्ठभागावर जमतात. याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. बाइन यांनी १८९९ मध्ये त्यावर लिहिले होते. पुसल्याने काम होत नाही. शंख साध्या पाण्यात बुडवून धुवा, पूर्ण वाळवा आणि काच किंवा पॉलिएथिलीनच्या डबीत, आम्लरहित कागदावर ठेवा. झालेला खड्डा भरून येत नाही, म्हणून बाधित शंख आजच वेगळे काढा आणि त्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्यासोबतच राहतील याची काळजी घ्या.