धरणानंतर प्लवक वाढले, मग बिघडलं कुठे?

नदीवर धरण, कालवा किंवा काँक्रीटचा काठ बांधला की पाण्याबरोबर तरंगत वाहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचं, म्हणजे प्राणिप्लवकांचं, काय होतं, याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: प्राणिप्लवकांना प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही. मग वाहत्या नदीतून ते संपून कसे जात नाहीत?

वाहून जाण्याआधी पिल्लं झाली की वंश टिकतो, नाही तर नाही. सगळा हिशेब वेळेचा आहे. उबदार पाण्यात रोटिफर हा अतिशय बारीक प्राणी दोन-तीन दिवसांत वयात येतो, आणि त्याची मादी नराशिवायच अंडी घालू शकते. डॅफ्नियासारख्या जलपिसवांना साधारण आठवडा लागतो. कोपेपॉड या कोळंबीच्या नात्यातल्या बारीक प्राण्याला अंड्यातून निघाल्यावर नॉप्लियसच्या (अळीच्या) सहा आणि कोपेपोडिडच्या (किशोर रूपाच्या) पाच अवस्था ओलांडून प्रौढ व्हायचं असतं. त्यात काही आठवडे सहज जातात. म्हणून मोकळ्या वाहत्या नदीत रोटिफरचं राज्य असतं. बाकीचे डोह, काठालगतचं संथ पाणी आणि मुख्य धारेपासून तुटलेले फाटे यांच्या आधाराने राहतात.

प्रश्न: धरण झाल्यावर जाळीत कितीतरी जास्त प्राणिप्लवक मिळतात. नदी सुधारल्याची ही खूण मानायची का?

नाही. पाणी आठवडे किंवा महिने अडून राहिलं की गाळ खाली बसतो, उजेड खोलवर पोहोचतो, शेवाळ वाढतं आणि तळ्यात राहणाऱ्या जाती मुक्काम ठोकतात. म्हणजे तुम्ही नदी मोजायला गेलात आणि तळं मोजून आलात! डॅफ्निया पाणी गाळून खाते. मातीचे बारीक कण कोणते आणि शेवाळ कोणतं, याची निवड तिला फारशी जमत नाही. गढूळ पाण्यात तिचं पोट मातीनेच भरतं. पुष्कळ रोटिफर मात्र निवडून खातात. त्यामुळे गाळ बसला की डॅफ्नियाचं फावतं आणि समूहाची घडणच बदलते. मला विचाराल तर, नुसती एकूण संख्या छापणाऱ्या अहवालातून नदीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. कोणत्या गटाचे किती, हे हवं.

धरणाखालची कथा वेगळी. सोडलेल्या पाण्याबरोबर जलाशयातले प्राणी खाली येतात खरे, पण खळाळात त्यांचा टिकाव लागत नाही. डोळ्याने शिकार टिपणारे मासे आधी मोठे प्राणी उचलतात, आणि तळावर जाळी विणून बसलेल्या किड्यांच्या अळ्या उरलेल्यांतले बरेच गाळून घेतात. पाणी खोलवरच्या दारातून सोडलं असेल तर ते भर उन्हाळ्यातही गार असतं. गार पाण्यात पिढी लांबते आणि वेळेचा हिशेब पुन्हा अंगावर येतो.

प्रश्न: नदी सरळ केली, काठ बांधून काढले, पण पाणी तेवढंच वाहतं. तरी फरक पडतो?

पडतो, आणि माझ्या मते याचीच चर्चा सर्वांत कमी होते. फ्लोरिडातल्या किसिमी नदीचं सुमारे १६६ किलोमीटरचं वळणदार पात्र १९६२ ते १९७१ या काळात जेमतेम ९० किलोमीटरच्या कालव्यात बसवलं गेलं. कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणं जिवंत करायचं काम १९९९ मध्ये सुरू झालं आणि २०२१ मध्ये संपलं. वळण गेलं की त्याच्या आतल्या बाजूचं संथ पाणी जातं, आणि आठवडा किंवा त्याहून जास्त थांबण्याची जागा हवी असलेल्या जलपिसवा व कोपेपॉड आधी दिसेनासे होतात. माशांची नवजात पिल्लंही याच संथ काठावर रोटिफर आणि नॉप्लियस खाऊन पहिले दिवस काढतात, त्यामुळे तोटा प्लवकांपुरता राहत नाही.

काठ उंच केले की पूर नदीलगतच्या सपाट मैदानात पसरत नाही. त्या मातीत प्राणिप्लवकांची सुप्त अंडी असतात. कोरडी पडलेली ही अंडी वर्षानुवर्षं टिकतात आणि पाणी मिळालं की काही दिवसांत फुटू लागतात. जमिनीत ठेवलेली ही पुंजीच म्हणा. पण तीही आटते. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या पूरमैदानाची कोरडी माती भिजवून पाहिलेल्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे पूर क्वचितच पोहोचतो तिथल्या मातीतून कमी जीव बाहेर आले.

प्रश्न: सांडपाण्याने प्राणिप्लवक मरतात ना?

सगळे नाही. विषारी रसायनं नसतील तर सांडपाण्यातले जिवाणू आणि शेवाळ हे काहींना आयतं खाद्य असतं. ब्रॅकिओनस जातकुळीचे रोटिफर अशा पाण्यात अमाप वाढतात. संख्या फुगते, जाती घटतात.

प्रश्न: कालव्यांनी नद्या जोडल्यावर परके जीव येतात, त्यांचा प्लवकांवर परिणाम होतो का?

मूळचे काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातले झेब्रा शिंपले कालव्यांच्या वाटेने युरोपभर पसरले आणि पुढे जहाजांतून अमेरिकेत गेले. हडसन नदीत ते १९९१ मध्ये आढळले. काही वर्षांतच तिथलं तरंगतं शेवाळ मोठ्या प्रमाणात घटलं आणि रोटिफरसारखे लहान प्राणिप्लवक कोसळले. हे शिंपले त्यांचं खाद्य तर पळवतातच, शिवाय त्यांनाही गाळून घेतात. गंमत अशी की या शिंपल्यांच्या अळ्या स्वतः प्लवकच असतात. नमुना मोजताना त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

प्रश्न: महाविद्यालयीन प्रकल्पासाठी नदीतला नमुना घ्यायचा आहे. जाळी कोणती?

सुमारे ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांची. १५० मायक्रॉनच्या जाळीतून बरेच रोटिफर निसटतात आणि मग ‘नदीत काहीच नाही’ असा निष्कर्ष निघतो. ठरावीक लिटर पाणी बादलीने जाळीत ओता, म्हणजे घनता काढता येईल. मध्यधारेचा आणि काठाच्या संथ पाण्याचा नमुना वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र केले तर वर सांगितलेला फरकच पुसला जाईल. नमुना टिकवण्यासाठी फॉर्मलिन घालण्याआधी थोडं पाणी जिवंत असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कारण मऊ अंगाचे रोटिफर फॉर्मलिनमध्ये आक्रसून गोळा होतात आणि ओळखता येत नाहीत.