माहिती अधिकाराचा पहिला अर्ज करताय?

अर्जात ‘का’ विचारू नका. ‘रस्ता का उखडला?’ याला माहिती म्हणत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच स्पष्ट केलंय. त्याऐवजी कागद मागा: कार्यादेश (वर्क ऑर्डर), मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) प्रती, अदा केलेली देयकं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, त्यामुळे पाल्हाळ नकोच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या.

खरी मेख ‘जनहित’ या शब्दात आहे. ‘व्यक्तिगत माहिती’ म्हणून नकार देणं कार्यालयांना फार सोयीचं पडतं, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधली, व्यापक जनहित असेल तर व्यक्तिगत माहितीही देण्याची, तरतूद काढली. पण कलम ८(२) शाबूत आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित संभाव्य हानीपेक्षा मोठं असेल, तर ती देता येते. मात्र नुसतं ‘व्यापक जनहितार्थ’ लिहून भागत नाही. कुणाचा पैसा, किती लोकांना फटका, ते दोन ओळींत मांडा.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळू नका. पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील (त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद) ठोका.