अंबाझरी लेआऊट आणि धरमपेठ: ‘लेआऊट’ व ‘पेठ’ यांविषयी

पुण्याहून नागपुरात राहायला आलेल्या एका वाचक भगिनींनी तीन शंका एकत्र विचारल्या आहेत. त्यांना अंबाझरी तलावाजवळ घर मिळाले असून पत्त्यात ‘अंबाझरी लेआऊट’ असे लिहावे लागते. लेआऊट म्हणजे आराखडा, मग तो वस्तीचे नाव कसा झाला आणि मराठीत तो चालवून घ्यावा का, ही त्यांची पहिली शंका आहे. शेजारच्या धरमपेठेत आणि रामदासपेठेत पुण्यातल्या पेठांसारखी दाटी नाही की जुने वाडे नाहीत, मग तिथे ‘पेठ’ कुठून आली, ही दुसरी. तिसरी शंका व्याकरणाची आहे: ‘धरमपेठेत’ म्हणावे की ‘धरमपेठमध्ये’, आणि ‘लेआऊटात’ म्हणावे की ‘लेआऊटमध्ये’. तिन्ही शंका एकाच भूभागाशी बांधलेल्या आहेत, म्हणून उत्तर देताना त्या भूभागाचा इतिहासही थोडा सांगावा लागेल.

आरंभ तलावाच्या नावापासून करणे बरे. ‘अंबाझरी’ या नावात ‘आंबा’ आणि ‘झरी’ हे दोन शब्द आहेत, असे बहुतेक नागपूरकर मानतात आणि ते मला पटते. झरी म्हणजे लहान झरा किंवा ओहोळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी या तालुक्याच्या नावात तो शब्द आजही जसाच्या तसा उभा आहे. ‘आंबा’ मधला दीर्घ ‘आ’ समासात ऱ्हस्व होणे हेही मराठीला परके नाही, कारण ‘अमराई’त तेच झाले आहे. विदर्भात वडगाव, बोरगाव, पळसगाव, जांभूळघाट अशी झाडांवरून पडलेली नावे इतकी विपुल आहेत की आंब्यांच्या झाडीतून वाहणाऱ्या ओहोळाला अंबाझरी म्हटले गेले असेल, तर त्यात नवल नाही. अंबा या देवीशी नाव जोडण्याचा मोह काहींना होतो. पण गावाच्या सरळ नावामागे सरळ कारण दिसत असताना दैवताकडे धावण्याची गरज मला वाटत नाही.

आता तलावाविषयी. नागपुरातले तलाव बहुतांशी निसर्गाने दिलेले नसून ओढ्यांवर पाळ घालून माणसांनी अडवलेले आहेत. ‘पाळ’ हा इथला खास शब्द आहे. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातल्या, तलावांच्या मुलखात बांधाला पाळ म्हणतात. बख्त बुलंद शाह या गोंड राजाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, आणि त्याच्यानंतर आलेल्या चांद सुलतानाच्या काळात शहराच्या पूर्वेकडच्या जुन्या भागाजवळ जुम्मा तलाव झाला. या तलावाच्या नावाची कथा शब्दप्रेमींनी लक्षात ठेवावी अशी आहे. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून तोच पुढे शुक्रवारी तलाव म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि नंतर त्याला गांधीसागर हे नाव मिळाले. म्हणजे एका भाषेतला वार दुसऱ्या भाषेत उतरला आणि नंतर वार मागे पडून एका माणसाचे नाव आले. तरी तिन्ही नावे जुन्या नागपूरकरांच्या तोंडी एकाच वेळी नांदतात. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती याच तलावाच्या परिसरात. त्यामुळे पाण्याजवळ राहणे म्हणजे प्रतिष्ठेने राहणे, हा अर्थ नागपुरात पूर्वापार नव्हता. जुन्या शहरातला तलावकाठ गिरणीचा, कामगारांचा आणि बाजाराचा होता.

अंबाझरीचे तसे झाले नाही, याचे एक कारण पाणीपुरवठ्यात आहे. नागपूरची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली आणि शहराला नळाने पाणी देण्याचा विचार पुढच्या काही वर्षांत आकाराला आला. १८७० च्या दशकाच्या आरंभी अलेक्झांडर बिनी या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली अंबाझरीचे पाणी शहराकडे नेण्याची योजना पूर्ण झाली. हाच बिनी पुढे लंडनच्या नगरसभेचा मुख्य अभियंता झाला आणि टेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्याच्या कारकिर्दीत बांधला गेला, हे नागपुरात फारसे कुणाला ठाऊक नसते. ठाऊक असायला हवे. तलाव शहराच्या पश्चिमेला, वरच्या अंगाला आहे आणि शहर खाली, नाग नदीच्या काठाने पसरले आहे. पिण्याच्या पाण्याचा साठा म्हणून ज्या तलावाची राखण करायची, त्याच्या काठी गिरणी किंवा बाजार येऊ दिला जात नाही. त्यामुळे शहराची भिंत आणि वेशी जिकडे होत्या त्या महाल-इतवारीच्या बाजूपेक्षा हा पश्चिमेचा प्रदेश बराच काळ मोकळा राहिला, आणि पुढे जेव्हा शहर वाढू लागले तेव्हा मोठमोठे भूखंड पाडायला जागा इथेच मिळाली. पिण्याच्या पाण्यासाठी नागपूर नंतर गोरेवाडा, कन्हान आणि पेंच यांच्याकडे वळले आणि अंबाझरीची मूळ जबाबदारी संपली; भोवतीच्या वस्तीचा रुबाब मात्र टिकला.

हा रुबाब आला तो प्रामुख्याने नोकरशाहीमुळे. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि राजधानीचा मान १९५६ पर्यंत तिच्याकडे राहिला. सिव्हिल लाईन्समध्ये साहेबांचे बंगले, जवळच न्यायालय, १९२३ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, यांमुळे वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि अधिकारी असा एक सुशिक्षित वर्ग तयार झाला. त्याला सिव्हिल लाईन्समध्ये जागा मिळणे शक्य नव्हते आणि जुन्या शहरातल्या महाल भागात परत जायचे नव्हते. धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर, शिवाजीनगर आणि तलावाला अगदी लागून असलेले अंबाझरी लेआऊट ही त्या वर्गाची नागपुरी वस्ती. कुंपणाची भिंत, पुढे बाग, मागे आंब्याचे किंवा लिंबाचे झाड, एका बाजूला गाडीसाठी जागा, असे इथले जुने घर असे. आज त्यांतली कितीतरी पाडून तिथे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि पत्त्यातले ‘लेआऊट’ तेवढे बंगल्यांच्या काळाची खूण म्हणून उरले आहे.

इथे ‘पेठ’ शब्दाकडे वळू. मराठीत पेठ म्हणजे व्यापाराचे ठिकाण आणि त्यावरून शहराचा एक विभाग. कन्नडमध्ये ‘पेटे’, तेलुगूत ‘पेट’, तमिळमध्ये ‘पेट्टै’ असे या शब्दाचे सगेसोयरे आहेत, आणि बंगळूरचे चिक्कपेटे पाहिले की पुण्याच्या पेठेचे नाते लगेच ओळखू येते. पुण्यात वारांवरून पेठा वसल्या, काही पेशव्यांच्या घरातल्या माणसांच्या वा सरदारांच्या नावाने वसल्या, आणि सगळ्यांना ‘पेठ’ हे पद स्वतंत्रपणे जोडले गेले. नागपुरात मात्र ज्या भागांत बाजार खरोखर भरत असे, त्यांच्या नावांतून ‘पेठ’ दिसतच नाही. तिथे इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी अशी नुसती ईकारान्त विशेषणे आहेत. ‘इतवार’ हे आदित्यवाराचे झिजलेले रूप, आणि त्याला ‘ई’ लागून इतवारी. माझ्या मते या सर्व नावांमागे ‘पेठ’ किंवा ‘बाजारपेठ’ हे स्त्रीलिंगी विशेष्य अध्याहृत असावे, कारण नागपूरकर आजही सहजपणे ‘जुनी मंगळवारी’, ‘जुनी शुक्रवारी’ असे स्त्रीलिंगी विशेषण जोडून बोलतो.

म्हणजे बाजार जिथे होता तिथे शब्द गळला, आणि पश्चिमेकडे नव्याने वसलेल्या निवासी भागांना तोच शब्द नावाचा शेवट म्हणून लागला. धरमपेठेत आज वेस्ट हायकोर्ट रोडवर दुकानांची रांग आहे आणि गोकुळपेठेचा भाजीबाजार तर सर्वांना माहीत आहे. पण धरमपेठ वा रामदासपेठ म्हटल्यावर नागपूरकराच्या मनात आधी बाजार येत नाही, वस्ती येते. या नावांत ‘पेठ’ शब्दाचा व्यापाराशी असलेला संबंध सुटला आहे आणि ‘नगर’, ‘पूर’, ‘बाग’ यांसारखा तो केवळ स्थलनाम घडवणारा अंत्य घटक बनला आहे. लेखनातही हा फरक उमटला आहे. पुणेकर ‘सदाशिव पेठ’ हे दोन शब्द लिहितो, नागपूरकर ‘धरमपेठ’ एकत्र लिहितो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण पुण्यात ती सदाशिव नावाची पेठ आहे आणि नागपुरात ते अखंड नाव आहे. ‘धर्म’ऐवजी ‘धरम’ हे रूप पाहून नाक मुरडू नये. हिंदी आणि मराठी शेजारी नांदणाऱ्या शहरात बोलीतल्या उच्चाराने नाव पक्के केले आहे, आणि पाट्यांवर त्याचे ‘धर्मपेठ’ करणे हे त्या शहराचा कान नाकारण्यासारखे आहे.

‘लेआऊट’ची घडण याहून वेगळी आहे, कारण हा शब्द कार्यालयातून रस्त्यावर आला. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला, ज्याला सगळे शहर इंग्रजी आद्याक्षरांनी किंवा ‘नासुप्र’ म्हणून ओळखते. शेतजमिनीवर रस्ते, मोकळ्या जागा आणि भूखंड आखून जो नकाशा या प्रन्यासाकडून मंजूर करून घ्यायचा, तो नकाशा म्हणजे लेआऊट. नकाशाप्रमाणे प्लॉट पाडले आणि घरे उभी राहिली की तीच संज्ञा जमिनीलाही चिकटली. त्यापुढे मूळ जमीनमालकाचे किंवा भूखंड विकणाऱ्याचे आडनाव लागले की पांडे लेआऊट, डागा लेआऊट, गावंडे लेआऊट अशी नावे तयार होतात, आणि जवळच्या जुन्या ठिकाणाचे नाव लागले की अंबाझरी लेआऊट. कागदावरच्या आखणीचा शब्द आखलेल्या वस्तूला लागणे ही भाषेतली जुनी रीत आहे, आणि बंगळूरमध्येही नेमके हेच झाले आहे. मुंबई-पुण्यात अशा वस्तीला कॉलनी, सोसायटी किंवा नगर म्हटले जाते, म्हणून तिकडून येणाऱ्यांना नागपुरी लेआऊट कानाला खटकतो.

सरकारी मराठीत या नकाशाला ‘अभिन्यास’ म्हणतात. महसूल खात्यात ‘रेखांकन’ हाही शब्द रूढ आहे. ‘प्रन्यास’ आणि ‘अभिन्यास’ या दोन्ही शब्दांत ‘न्यास’ आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘ठेवणे’. विश्वासाने ठेवलेली ठेव म्हणून न्यास म्हणजे ट्रस्ट, आणि जमिनीवर रस्ते व भूखंड मांडून ठेवणे म्हणून अभिन्यास. अशी नेमकी जोडी एकाच कार्यालयाच्या नावात आणि कामात सापडावी, याचा मला मनापासून आनंद होतो. तरीही वस्तीच्या नावात ‘लेआऊट’ काढून ‘अंबाझरी अभिन्यास’ लिहावे, असे मी सुचवणार नाही. नकाशासाठी अभिन्यास हा उत्तम शब्द आहे आणि तो वापरलाच पाहिजे; पण वस्तीसाठी लेआऊट हा आता नागपुरी मराठीचा शब्द आहे आणि त्याच्या अर्थाच्या छटा इंग्रजीत सापडत नाहीत. शहराच्या बातम्यांत ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ असे उल्लेख येतात, ते बहुधा गुंठेवारीतल्या, मंजुरीविना वाढलेल्या वस्त्यांविषयी असतात. एकच शब्द तलावाकाठच्या सर्वांत महाग पत्त्याला आणि सांडपाण्याच्या नळीसाठी झगडणाऱ्या वस्तीलाही लागू पडतो, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे पुढचे-मागचे शब्द ठरवतात. एवढे काम करणाऱ्या शब्दाला परका म्हणणे योग्य नाही.

‘अंबाझरी’बरोबर तर ‘लेआऊट’ची गरज अधिकच आहे. एकटे अंबाझरी म्हटले तर तलाव, उद्यान, पलीकडची आयुध निर्माणी, यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठच्या अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत पाणी शिरले. त्या दिवशी ‘अंबाझरी भरला’ आणि ‘अंबाझरी लेआऊटमध्ये पाणी भरले’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवणे किती आवश्यक होते, हे ज्यांचे नातेवाईक तिथे राहत होते त्यांना विचारावे. याच वाक्यात लिंगाची गंमत आहे: ‘अंबाझरी’ हे नाव रूपाने स्त्रीलिंगी दिसते, पण मनात ‘तलाव’ असल्यामुळे नागपूरकर ‘अंबाझरी भरला’, ‘अंबाझरी ओव्हरफ्लो झाला’ असे पुल्लिंगीच बोलतो. ‘सांडवा’ हा सुंदर शब्द मात्र ‘ओव्हरफ्लो’ने मागे ढकलला आहे, आणि लेआऊटच्या बाबतीत मी जसा उदार आहे तसा इथे नाही, सांडवा म्हटल्याने कुणाचाही गैरसमज होत नाही, तेव्हा तो वापरात ठेवावा.

राहिला रूपांचा प्रश्न. ‘पेठ’ हा अकारान्त स्त्रीलिंगी शब्द आहे आणि त्याचे सामान्यरूप ‘पेठे-’ असे होते, म्हणून लेखनात ‘धरमपेठेत’, ‘रामदासपेठेतून’, ‘गोकुळपेठेला’ हीच रूपे मी शिफारस करतो. बोलताना ‘धरमपेठला’, ‘धरमपेठमध्ये’ ही रूपे सर्रास ऐकू येतात आणि अखंड विशेषनामाला सामान्यरूप न करता प्रत्यय लावण्याची ती प्रवृत्ती आहे. बोलण्यात ती चालू द्यावी. ‘लेआऊट’ मात्र सामान्यरूप घेत नाही, म्हणून ‘लेआऊटात’ कृत्रिम वाटते आणि ‘लेआऊटमध्ये’, ‘लेआऊटला’ हेच स्वाभाविक आहे. त्याचे लिंग बोलण्यात डळमळते, ‘लेआऊट मंजूर झाला’ आणि ‘लेआऊट मंजूर झाले’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात. ‘आराखडा’ आणि ‘नकाशा’ हे त्याचे समानार्थी शब्द पुल्लिंगी असल्याने नकाशाच्या अर्थी पुल्लिंग आणि वस्तीच्या नावात नपुंसकलिंग, असा भेद पाळला तर तो उपयोगी ठरेल. मराठी शब्दाच्या शेवटच्या अकारान्त अक्षरापूर्वीचा उकार दीर्घ लिहिण्याचा नियम याला लावला तर ‘लेआउट’पेक्षा ‘लेआऊट’ हे लेखन बरोबर आहे. वृत्तपत्रे मध्ये संयोगचिन्ह घालून ‘ले-आऊट’ लिहितात. ते चूक नाही, पण पत्त्यात त्याची आवश्यकता नाही. तेव्हा आपण पाकिटावर ‘अंबाझरी लेआऊट, नागपूर’ असेच निःशंकपणे लिहावे.