दुसरी गोळी नकोच

घसा खवखवायला लागल्याबरोबर क जीवनसत्त्वाची 1000 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, तरी सर्दीने आठवडाभर मुक्काम ठोकला. आता दोन घेऊ का, असं विचारलंयत. नको. मीही बरीच वर्षं हेच करायचो, पदरात पडला तो पोटातला मुरडा.

क जीवनसत्त्व प्रतिकारशक्तीला लागतं, यात वाद नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचंच बघा. त्या जंतूला गिळतात आणि आतल्या आत दाहक रसायनांचा मारा करून संपवतात. म्हणजे आग लावायची तीही स्वतःच्याच घरात! त्यात पेशी होरपळू नये म्हणून तिच्याकडे क जीवनसत्त्वाचा साठा असतो, रक्तद्रवातल्या प्रमाणाच्या निदान 50 पट. शिवाय त्वचा धरून ठेवणारं कोलॅजन त्याच्याशिवाय नीट विणलं जात नाही. स्कर्व्हीत, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगात, भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात त्या यामुळेच.

पण हा साठा भरायला रोज 100-200 मिलिग्रॅम पुरतात, आणि तेवढं फळं-भाज्यांतून सहज मिळतं. ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहून कमी शोषलं जातं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं (माझा मुरडा!), आणि रक्तात गेलेलं जास्तीचं लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी पिवळीधमक झाली म्हणून गोळी लागू पडली असं समजू नका, तो रंग मल्टिव्हिटॅमिनमधल्या बी-2चा असतो.

2013च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासतात) रोज, सर्दी नसतानाही, किमान 200 मिलिग्रॅम घेणाऱ्या मोठ्यांची सर्दी सरासरी 8 टक्के आणि मुलांची 14 टक्के लवकर आटोपलेली दिसली. सात दिवसांच्या सर्दीत मोठ्यांचा जेमतेम अर्धा दिवस वाचला! सर्दी होण्याचं प्रमाण मात्र घटलं नाही. अपवाद मॅरेथॉन धावणाऱ्यांसारख्या अतिश्रम करणाऱ्यांचा, त्यांच्यात ते निम्म्यावर आलं. आणि लक्षणं दिसल्यावर सुरू केलेल्या गोळ्यांचा खात्रीचा फायदा दिसला नाही. तुमचं नेमकं हेच झालंय.

मोठ्या डोसचं वेड पसरलं ते 1970च्या सुमारास लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञामुळे. दोन नोबेल मिळालेला माणूस, लोकांनी ऐकलं. ती नोबेल मात्र वेगळ्याच कामांसाठी होती.

एक सांगा, तुम्हाला कधी मुतखडा झालाय का? झाला असेल तर चालू असलेली एक गोळीही थांबवून आधी डॉक्टरांना विचारा. शरीरात क जीवनसत्त्वाचं काही अंशी ऑक्झलेट बनतं, आणि बरेचसे खडे त्याचेच असतात.