केबल लगेच तोडू नका

म्हापशात नवे बिऱ्हाड थाटताना केबल ठेवावी की सगळे इंटरनेटवरच पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. माझा सल्ला असा की आधी पंधरा दिवस घरातले कोण काय पाहते, ते वहीत लिहून ठेवा. आमच्या घरी असे लिहिल्यावर दिसले की आई संध्याकाळच्या मराठी मालिका आणि गोव्याच्या स्थानिक बातम्या याव्यतिरिक्त काहीच लावत नाही, आणि पॅकमधल्या उरलेल्या वाहिन्यांचे पैसे आम्ही उगाच भरत होतो.

2019 पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांमुळे हव्या त्याच वाहिन्या निवडता येतात, तेव्हा केबलवाल्याने पुढे केलेला पॅक निमूटपणे घेऊ नका. प्रत्येक वाहिनीची किंमत, नेटवर्क शुल्क आणि 18 टक्के जीएसटी वेगळे मांडून विचारा. दूरदर्शनसाठी मासिक शुल्क नसलेली फ्री डिश आहे. शिवाय प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ ॲपही आहे, ज्याचा आरंभ 2024 च्या नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी आपल्या गोव्यातच झाला.

स्ट्रीमिंगचे वर्गणीदार होताना ऑटोपेकडे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याच्या सोयीकडे, मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. एका सेवेने न पाहिलेल्या वर्षाचेही पैसे माझ्या खात्यातून कापले, कारण यूपीआय ॲपमधला मँडेट, म्हणजे पैसे कापण्याची दिलेली परवानगी, रद्द करायचे राहून गेले होते. एका वेळी एकच सेवा महिन्यापुरती घ्यावी, हे मला बरे वाटते.

पावसाळ्यात वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडा. आईसाठी वाहिन्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून रिमोटच्या पाठीवर चिकटवा.